एकालाच परवानगी

जसिंता डाबरे वसईहून नेदरलँड्समधल्या कापेल आन डेन आयसेलला आली तेव्हा तिच्या बॅगेत बी.एड.ची पदवी होती आणि नऊ वर्षे मराठी शिकवल्याचा शाळेचा दाखला होता. नवरा पास्कोल रॉटरडॅममधल्या एका विमा कंपनीत सॉफ्टवेअर सांभाळायचा. त्याच्या व्हिसावर ती आली, डच शिकली, आणि शेवटी घरापासून सायकलने बारा मिनिटांवर असलेल्या वृद्धाश्रमात कामाला लागली. शिकवायचे राहूनच गेले. म्हाताऱ्यांना आंघोळ घालायची, भरवायचे, त्यांची कूस बदलायची, असे करता करता अकरा वर्षे निघून गेली.

रविवारी मात्र ती कुणाला सुट्टी बदलून देत नसे. रॉटरडॅमच्या एका जुन्या चर्चमध्ये दुपारी लॅटिन मिस्सा, म्हणजे जुन्या पद्धतीचा उपासनाविधी होई. पन्नास-साठ माणसे यायची. फादर लोकांकडे पाठ करून वेदीकडे तोंड करून उभे राहत, बायका डोक्यावर जाळीची ओढणी घेत, आणि ख्रिस्तशरीर, म्हणजे प्रसादाची पवित्र भाकर, गुडघे टेकून जिभेवरच घेतले जाई. वसईत ती मराठी मिस्सा ऐकत वाढलेली. तिच्या पिढीला लॅटिन येत नव्हते. पास्कोल तिला हसायचा.

"तुझ्या आईलासुद्धा नको झालं होतं ते लॅटिन," तो म्हणायचा. "तू कुठून उकरून काढलंस?"

"डच मिस्साला मी एकटीच परकी असते," ती म्हणायची. "इथं सगळेच सारखे परके."

हे अर्धेच खरे होते. तिथली शांतता तिला आवडायची. आठवडाभर घंटा, हाका आणि ओरडणे ऐकलेल्या कानांपाशी त्या तासाभरात कुणी काही मागत नसे.

आश्रमाच्या दुसऱ्या मजल्यावर मेनेर, म्हणजे श्रीयुत, फरहूफ राहत. वय शहाऐंशी, जन्म स्खीडामचा, पूर्वी गोदीत क्रेन चालवत. खोलीत ना क्रूस, ना कुठल्या संताची तसबीर. एका हिवाळ्यात, २०२० सालच्या फेब्रुवारीत, ती त्यांची दाढी करत होती. वाकल्यावर तिच्या गळ्यातले संत जोसेफचे पदक अंगरख्याबाहेर लोंबले.

"सुमरणाचा, चांगल्या मरणाचा कैवारी," फरहूफ म्हणाले. "या नोकरीला शोभतो."

"तुम्हाला ठाऊक आहे?" तिने विचारले.

उत्तरादाखल म्हाताऱ्याने वेदीसेवक मुलाचे मिस्साच्या सुरुवातीचे उत्तर लॅटिनमध्ये म्हणून दाखवले. एक अक्षर चुकले नाही. जसिंताचा हात थांबला. रविवारच्या मंडळींतल्या निम्म्यांना ते तसे म्हणता आले नसते.

मग त्यांनी सांगितले. दोघे भाऊ फादर लोकांच्या वसतिगृहात शिकायला होते. धाकटा योस्ट अकरा वर्षांचा. संगीत शिकवणारे एक फादर त्याला संध्याकाळी एकट्याला थांबवून घ्यायचे. योस्टने घरी येऊन सांगितले तेव्हा वडिलांनी त्याच्या थोबाडीत मारली, कारण फादरांबद्दल असे बोलणे हेच पाप. पुढे योस्ट कुठेच टिकला नाही. एकोणतिसाव्या वर्षी त्याने स्वतःला संपवले. तेव्हाच्या धर्मग्रामाने, म्हणजे त्यांच्या वस्तीच्या चर्चने, त्याच्या दफनाचा मिस्सा नाकारला. "आणि ते संगीतवाले फादर वारले ना," फरहूफ म्हणाले, "तेव्हा वेदीवर सहा फादर उभे होते. मी मोजले."

दहा वर्षांपूर्वी अशी प्रकरणे देशभर बाहेर आली, तेव्हा त्यांनी पत्र लिहून चर्चच्या नोंदवहीतून आपले नाव काढून घेतले होते.

जसिंताकडे अशा वेळी म्हणायचे एक वाक्य तयार असायचे: एखादा फादर वाईट निघाला म्हणून चर्च वाईट ठरत नाही. मिस्सानंतरच्या कॉफीला तिने ते कितीदा म्हटले होते, पटवूनही दिले होते. आता वस्तरा हातात घेऊन उभी असताना ते तिच्या तोंडातून निघेना. तिने साबण पुसला.

"झुस्तर," ते म्हणाले. इथे नर्सलाही हीच हाक आणि चर्चच्या धर्मभगिनीलाही हीच. "मी मरायला टेकलो की पाद्री आणू नकोस. तू आणशील, म्हणून सांगतो. मला वचन दे."

रुग्णाभ्यंग, म्हणजे फादरांनी शेवटी लावायचे पवित्र तेल, नाकारून मरणाऱ्या माणसाचे काय होते, हे ती लहानपणापासून शिकत आली होती. तरी तिने वचन दिले. का दिले, ते तिला नीट सांगता आले नसते. दुसरे काही देण्यासारखे त्या वेळी तिच्यापाशी नव्हते एवढेच.

मार्चमध्ये सगळे बंद झाले. आधी मिस्सा बंद, मग आश्रमाचे दार बंद. नातेवाईक खाली हिरवळीवर उभे राहून खिडकीकडे हात हलवायचे. मास्क पुरत नव्हते; एकच मास्क दिवसभर चालवायचा. दुसऱ्या मजल्यावरचे नऊ जण तीन आठवड्यांत गेले. जसिंता घरी आली की दारातच कपडे उतरवून मशीनमध्ये टाकायची आणि वेगळ्या खोलीत झोपायची. समोरच्या घरातली पुण्याची चित्रा पायरीवर डबा ठेवून बेल वाजवायची आणि लांब जाऊन उभी राहायची. "वहिनी, खाऊन घ्या हं," एवढेच बोलायची. ईस्टरचा मिस्सा जसिंताने टॅबलेटवर लावला. पास्कोल शेजारच्या खोलीतून ऐकत होता. प्रवचन संपायच्या आत तिला डुलकी लागली.

ईस्टरनंतरच्या मंगळवारी फरहूफांना ताप चढला. गुरुवारी श्वास लागला. डॉक्टर म्हणाले, एखादा दिवस. त्या दिवसांत आश्रमाचा नियम असा होता की मरणाऱ्याजवळ एकाच माणसाला, एकदाच, अर्धा तास येता येईल. सुरक्षेच्या कपड्यांचे तेवढेच जोड होते.

मजल्याच्या प्रमुखबाई फॉर्म घेऊन आल्या. "यांना मुलगी आहे, एनस्खेडेला. पण सकाळपासून ते लॅटिनमध्ये काहीतरी पुटपुटतायत. पाद्री हवा असेल का? तू त्यांना ओळखतेस. तूच सांग, कुणाचं नाव लिहू?"

ते खरेच पुटपुटत होते. जसिंताने दारातून ऐकले होते. वेदीसेवकाचे तेच उत्तर, पुन्हा पुन्हा. तिच्या मनात आले, हा माणूस बोलावतोय. तोंडाने नाही म्हणाला असेल, पण आत्मा बोलावतोय. लॅटिन मिस्साचे फादर टायमन रॉटरडॅमला होते, अर्ध्या तासात आले असते. एका सहीचे काम होते. तिने पेन घेतले आणि ती औषधांच्या खोलीत जाऊन उभी राहिली. संत जोसेफला विचारले. फक्त पाय दुखत असल्याचे तिच्या लक्षात आले.

आणि मग दुसरी गोष्ट लक्षात आली. ताप आलेला माणूस लहानपणीचे बोलतो. लहानपणीचे बोलतो म्हणजे लहानपण परत हवे असतेच असे नाही. शुद्धीत असताना त्याने काय हवे ते सांगितले होते, आणि ज्यांचे घरी आणि चर्चमध्ये कधी ऐकलेच गेले नव्हते, त्यांच्यातलाच तोही एक होता.

तिने मुलीचे नाव लिहिले: मारायके फरहूफ.

मारायके दोन तास गाडी चालवून आली. पन्नाशीची, उंच, केस विस्कटलेले. जसिंताने तिला अंगरखा चढवला, मागच्या नाड्या बांधल्या. अर्ध्या तासाने ती बाहेर आली तेव्हा चष्म्यावर वाफ धरली होती आणि हातमोज्यांमुळे तो पुसता येत नव्हता. "त्यांनी मला ओळखलं," ती म्हणाली. "मला योस्ट म्हणाले. पण ओळखलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी जसिंता फरहूफांचे ओठ ओले करत होती. त्यांनी डोळे न उघडता ते उत्तर म्हटले आणि ते थांबले. मग पुन्हा म्हटले आणि थांबले. तिला कळले की ते वाट बघत आहेत. वेदीसेवकाचे झाले, आता फादरांची ओळ यायला हवी होती. ती ओळ तिला पाठ होती. बाईने, तीही प्लॅस्टिकच्या ॲप्रनमध्ये, फादरांची ओळ म्हणावी, हे तिच्या रविवारच्या मंडळींतल्या कुणालाच रुचले नसते. तिलाही रुचत नव्हते. तिने मास्कमधूनच ती म्हटली. फरहूफांनी पुढचे उत्तर दिले. असे चार वेळा झाले. पाचव्या वेळी उत्तर आले नाही. ते झोपले होते. दुपारी ते गेले.

जूनमध्ये चर्च उघडले. आत तीसच माणसे, तीही नाव नोंदवून. ख्रिस्तशरीर फक्त हातावर. हातावर घ्यायला जसिंताचे मन धजेना, म्हणून ती नुसतीच बसून राही. पहिल्याच आठवड्यात ती कुमसाराला, म्हणजे पापांची कबुली द्यायला, गेली आणि फादर टायमनना सगळे सांगितले. फादर चौतिशीचे, शिस्तीचे, लॅटिन मिस्सावर जीव असलेले.

"मला फोन करायला हवा होता," ते म्हणाले.

"केला असता तर तुम्ही आला असता, फादर. आणि ती मुलगी दाराबाहेर राहिली असती."

"एका आत्म्याचा प्रश्न होता."

"हो. म्हणून तर दोन महिने झोप नाही."

फादरांनी विचारले, "हे तू पाप म्हणून सांगतेस का?"

"मला कळत नाही. कळलं असतं तर बरं झालं असतं."

त्यांनी प्रायश्चित्त म्हणून तिला एक जपमाळ सांगितली. ती उठायला लागली तेव्हा त्यांनी पडद्याआडून विचारले, "त्या भावाचं नाव काय म्हणालीस?"

"योस्ट."

"ठीक आहे," ते म्हणाले. आवाज थकलेला होता. त्या वसंतात त्यांनी किती दफने केली होती, ते तिला नंतर कुणीतरी सांगितले.

पुढच्या वर्षी, २०२१ च्या जुलैत, जुन्या लॅटिन मिस्साला लगाम घालणारे पत्र रोमहून आले. शरद ऋतूपर्यंत रॉटरडॅमचा तो मिस्सा बंद झाला. मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बिशपांना नाही नाही ते बोल लावले जाऊ लागले. कुणी म्हणाले, खरी श्रद्धा आता आपल्यापाशीच उरली आहे. तिकडे साध्या धर्मग्रामातल्या दोन बायका तिला हसून म्हणाल्या, बरं झालं, आता एकविसाव्या शतकात या. दोन्हीकडच्यांना भांडायला जोर होता. जसिंताला नव्हता. तिने ग्रुप सोडला. मिस्सा गेल्याचे दुःख तिला झाले आणि ते गेलेही नाही; पण त्याबद्दल बोलण्यापेक्षा झोपलेले बरे, असे तिला वाटे. रविवारी ती घराजवळच्या चर्चला जाऊन शेवटच्या बाकावर बसू लागली. फादर टायमन आता तिथेच नेमले गेले होते, आणि गिटारच्या गाण्यांशी त्यांचे अजून जमत नव्हते.

ऑक्टोबरच्या अखेरीस मारायकेचा फोन आला. आश्रमाने नंबर दिला होता. वडिलांच्या कागदांत तिला योस्टच्या दफनाबद्दलचे जुने पत्र सापडले होते. "मृतांच्या स्मरणदिनी तुमच्या चर्चमध्ये नावं वाचतात ना?" तिने विचारले. "बाबांचं नको. बाबांना आवडणार नाही. पण काकाचं वाचाल का? मी स्वतः काही मानत नाही. तरी कुणीतरी एकदा वाचायला हवं होतं."

जसिंताने फादरांना विचारले. यादी सांभाळणाऱ्या बाई म्हणाल्या, यादीत फक्त यंदाचे मृत असतात, तेही आपल्या धर्मग्रामातले. फादरांनी ऐकून घेतले आणि नाव स्वतःच्या हाताने खाली लिहिले.

दोन नोव्हेंबरला जसिंता सकाळची पाळी संपवून, एका आजारी सहकारिणीची दुपारही भरून काढून संध्याकाळी थेट चर्चमध्ये आली. मारायके आधीच येऊन बसली होती, अंगात कोट तसाच. जसिंता तिच्या शेजारी टेकली. चर्चमध्ये ऊब होती. एकेक नाव वाचले जाई, एकेक मेणबत्ती लागे, आणि मध्ये ऑर्गन वाजे. सहा नावे तिने ऐकली. सातवे ऐकल्याचे तिला आठवत नाही.

डोळे उघडले तेव्हा लोक बाहेर पडत होते. तिचे डोके मारायकेच्या खांद्यावर होते.

"वाचलं?" तिने घाबरून विचारले.

"शेवटचं होतं," मारायके म्हणाली. "तुम्हाला उठवणार होते. पण म्हटलं, राहू दे."

दोघी आणखी थोडा वेळ तिथेच बसल्या. मग मारायकेने जसिंताची सायकल आपल्या गाडीच्या मागे चढवली आणि तिला घरी सोडले.