पूर्ण शुद्धीवर, राजीखुशीने

कोणताही कागद हाती आला की गायकवाडबाई तो शेवटच्या पानापासून वाचायच्या. आधी सह्या, मग साक्षीदार, मग तारीख, आणि सगळ्यात शेवटी पहिलं पान. आमची ओळखही अशीच झाली. कसब्यातल्या दोन खोल्या सोडून आम्ही वारज्याच्या नव्या सोसायटीत राहायला आलो, आणि तिसऱ्याच दिवशी समोरच्या दारातून एक ठेंगणी, कडक इस्त्रीच्या सुती साडीतली बाई येऊन म्हणाली, "तुमचा करारनामा बघू. घाबरू नका, मी नोंदणी कार्यालयात कारकून आहे. नुसता बघणार, नेणार नाही."

उभ्या उभ्या कागद चाळून त्यांनी माझ्या यजमानांना विचारलं, "ह्यात बाईंचं नाव कुठंय?"

"अहो, घर आमच्या दोघांचंच आहे."

"ते तुम्हाला माहीत. कागदाला कुठे माहीत आहे?"

ह्यांनी पुढच्या महिन्यात मृत्युपत्र केलं. वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, कुरकुरत.

आमच्या इमारतीतल्या बहुतेकांनी ते गायकवाडबाईंच्या धाकाने केलं. हिंजवडीला कंपन्या यायला लागल्या होत्या, पोरं तिशीच्या आत फ्लॅट घेत होती, विम्याचे फॉर्म भरत होती आणि रकान्यात कुणाचंही नाव टाकून मोकळी होत होती. बाई जिन्यात गाठून त्यांना सांगायच्या, "नॉमिनी म्हणजे मालक नव्हे बाळा, राखणदार. पैसे त्याच्या हातात पडतात, पण ते वारसांचे असतात. राखणदार नीट निवड."

हे सगळं त्या कार्यालयात शिकल्या नव्हत्या. छपन्न साली धम्मदीक्षा घेऊन परतलेले त्यांचे वडील पुढच्या चार वर्षांत वारले. त्याबद्दल बाई एवढंच बोलायच्या, "आईकडे नवऱ्याचा फोटो उरला आणि चार मुलं. घर दिराकडे गेलं. भांडायला कागदच नव्हता." स्वतः विधवा झाल्यावर त्यांनी कर्ज काढून, पगारातून हप्ते फेडून हा फ्लॅट एकटीने घेतला. थोरला राजेंद्र नाशिकला नोकरीला होता. धाकटा नितीन घराण्यातला पहिला इंजिनियर. त्याला कंपनीची बस न्यायला यायची तेव्हा बाई गॅलरीत उभ्या असायच्या, आणि मी पाहिलं की म्हणायच्या, "कपडे वाळलेत का बघत होते." दोरीवर कपडे नसायचे.

नितीन एकतिसाव्या वर्षी गेला. कात्रजकडून येताना बायपासवर ट्रकने मोटरसायकल उडवली. बायको रूपाली, आणि तीन वर्षांची मैत्री.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, माणसं पांगली. दोन-तीन आठवड्यांनी बाई माझ्याकडे आल्या आणि स्वयंपाकघरात खाली जमिनीवर बसल्या. हातात नितीनच्या विम्याचा कागद.

"नॉमिनी कोण आहे बघा जोशीबाई."

बाईंचंच नाव होतं. लग्नाआधी भरलेलं, तसंच राहिलेलं.

"अख्ख्या सोसायटीचे फॉर्म मी तपासले," त्या म्हणाल्या. "घरातला नाही तपासला. त्याला सांगायला गेले असते तर म्हणाला असता, आई, ऑफिस घरी नको आणूस. म्हणून नाही गेले."

त्यांनी सगळी रक्कम रूपाली आणि मैत्रीच्या नावे केली. तेवढ्याने त्यांचं मन भरेना. त्यांना फ्लॅट रूपालीच्या नावे लिहून ठेवायचा होता. राजेंद्र नाशिकहून आला. वाईट माणूस नव्हता तो, पण घाबरलेला होता. माझ्यासमोरच म्हणाला, "आई, ती तीसचीसुद्धा नाही. उद्या तिनं दुसरं लग्न केलं तर?"

"करावंच तिनं. मीच बघणार आहे."

"मग तिला घर कशाला?"

"जायला घर कुणीही देईल रे. परत यायला लागलं तर?"

राजेंद्र त्याच संध्याकाळी निघून गेला, आणि बरेच महिने त्याचा फोन नव्हता.

त्यानंतर बाई विसरायला लागल्या. आधी वाटलं, दुःखाने होतंय. भाजीत दोनदा मीठ पडायचं. एकदा आमच्याच दारात येऊन स्वतःची किल्ली लावत बसल्या. मग एक दिवस शाळेत शिकवून मी घरी आले तर त्या माझी वाट पाहत जिन्यात उभ्या. आवाज नेहमीचा, कार्यालयातला.

"जोशीबाई, आता घाई करायला हवी. मी जायला लागलेय. थोडी थोडी."

डॉक्टरांनी तपासलं. सुरुवात आहे, म्हणाले. पण आज त्यांना सगळं समजतंय, मी तसं लिहून देतो. मसुदा बाईंनी स्वतःच्या हाताने लिहिला. एक साक्षीदार डॉक्टर, दुसरी मी. रूपालीला त्यांनी बरोबर येऊ दिलं नाही. "जिच्या नावे लिहायचं ती खोलीत नको. उद्या कुणी म्हणेल, सुनेनं हात धरून लिहून घेतलं."

ज्या कार्यालयात तीस वर्षं काढली तिथे त्या बाकावर नंबर लावून बसल्या. आता तिथे संगणक होते, फोटो काढायला कॅमेरा होता, आणि त्यांना ओळखणारं कुणी नव्हतं. अधिकारी तरुण होता. कागद बघून त्याने रीतसर विचारायला सुरुवात केली. नाव? वय? हा कागद कशाचा आहे? बाईंनी चोख उत्तरं दिली.

"मुलं किती आपल्याला?"

"दोन. राजेंद्र आणि नितीन."

"काय करतात?"

"राजेंद्र नाशिकला असतो. नितीन..."

त्या थांबल्या. माझ्याकडे वळून पाहिलं. ती नजर मी आजही विसरलेले नाही; वर्गात उत्तर न आठवणारं मूल पाहतं तशी. माझ्या जिभेवर शब्द होता. पण साक्षीदाराने सुचवायचं नसतं, हे मला त्यांनीच घरी बजावलं होतं. मी खाली पाहिलं. "ऑफिसला गेलाय" असं त्या बोलल्या असत्या, तर तो कागद तिथेच संपला असता.

अधिकारी म्हणाला, "आजी, राहू दे. पुढच्या आठवड्यात या."

"नाही," बाई म्हणाल्या. त्यांनी टेबलाची कड धरली. ओठ नुसते हलत होते. आणि मग चेहरा असा कोसळला की मी खुर्चीतून उठले.

"नितीन गेला," त्या म्हणाल्या. "अहो, माझा नितीन गेला."

ती बातमी त्यांना तिथे, त्या टेबलापाशी, पुन्हा नव्याने कळली होती. त्या हुंदके देऊन रडल्या. अधिकाऱ्याने स्वतःच्या बाटलीतलं पाणी दिलं. पाणी पिऊन बाईंनी पदराने तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "लिहा. एक मुलगा मयत. त्याची विधवा रूपाली, मुलगी मैत्री. मी पूर्ण शुद्धीवर आहे." मग सही केली. अक्षर जराही हललं नाही.

त्यानंतर दोन वर्षं त्या होत्या. नितीनचं जाणं मात्र लवकरच पुसलं गेलं. रोज विचारायच्या, "नितीन आला का?" रूपाली कणीक मळता मळता सांगायची, "उशीर होईल म्हणालाय आई." एकदा ती माझ्याकडे येऊन दार लावून रडली. म्हणाली, "काकू, रोज सांगते मी हे. कधी कधी मलाच खरं वाटतं." तिच्यासाठी स्थळ बघायचं मात्र बाईंच्या हातून राहूनच गेलं.

शेवटी न्युमोनियाचं निमित्त झालं. राजेंद्र आला. सगळं आटोपल्यावर तो मृत्युपत्राची प्रत घेऊन माझ्याकडे आला, माझ्या सहीवर बोट ठेवून म्हणाला, "काकू, खरं सांगा. शुद्धीवर होती ती?"

मी त्याला कार्यालयातलं सगळं सांगितलं. कड धरलेला हातसुद्धा. त्याने प्रत घडी घालून बाजूला ठेवली. नंतर विचारलं ते मृत्युपत्राबद्दल नव्हतंच.

"माझं नाव घेतलं तिनं?"

"आधी तुझंच घेतलं."

त्याने मान खाली घातली. समोरच्या घरून मैत्री त्याला जेवायला बोलवायला आली, तेव्हा तिच्यादेखत तो लहान मुलासारखा रडत होता. ती जरा वेळ बघत राहिली आणि मग त्याच्याशेजारी बसली.