पांडी बाजारात घेतलेलं माहेर

मद्रासमध्ये कुठं काय घ्यावं हे मला ज्या बाईनं शिकवलं, तिच्या अंगावर घालायचं शेवटचं लुगडं मीच घेतलं, आणि ते ती जिवंत असताना घेतलं. हे मी कुणाला फारसं सांगत नाही. सांगायला लागले की ऐकणाऱ्याचा चेहरा बदलतो, मग मीच दुसरं काहीतरी काढते.

मी गडहिंग्लजकडची. सहावीत असताना आई गेली. धाकट्या भावंडांचं करायला घरात कुणी नव्हतं म्हणून शाळा सुटली, ती सुटलीच. पुढं लग्न झालं आणि यांच्याबरोबर मद्रासला आले. हे तांबरमला रेल्वेच्या शेडमध्ये फिटर होते. आमचं बिऱ्हाड पश्चिम मांबळममध्ये, एका लांबट घरात. मध्ये अरुंद बोळ, दोन्ही अंगांना खोल्या, टोकाला विहीर, आणि बारा महिने डास. सकाळी हे गाडीला गेले की मी दार लावून आत बसायची. बाहेर सगळं तमिळ. भाजीवाली नुसती आरोळी द्यायची तरी मला वाटायचं, माझ्यावरच ओरडतेय.

एके दिवशी समोरच्या बिऱ्हाडातली बाई दार वाजवून आत आली.

"अगे, तूं मराठी म्हणे? मग दार कशास लावून घेतीस? चोर का आहेस?"

मला रडूच फुटलं. आमच्या गावातली अगदी म्हातारी माणसं बोलायची तसं ते बोलणं, पण चाल तमिळ. ती तंजावरची होती. तिचे वाडवडील मराठी राजांच्या काळात तिकडं गेलेले. तिनं स्वतः महाराष्ट्र कधी पाहिला नव्हता, तरी त्याला ती 'देश' म्हणायची. मी तिला अक्का म्हणू लागले. नवरा कचेरीतून निवृत्त झालेला, अगदी गरीब स्वभावाचा, त्यांना मामा म्हणायची. मूलबाळ नव्हतं.

अक्कांनी मला बाजार दाखवला. चिंच, मिरची, गूळ घ्यायला कोतवाल चावडी. तिथं सडक्या पानांच्या चिखलात पाय घसरायचा आणि हमालांची पोती डोक्याला घासून जायची. मी अक्कांचा पदर घट्ट धरून चालायची. कंदिलाची काच, जुनी खुर्ची, पितळेचं भांडं, असलं काही हवं असेल तर मूर मार्केट. पण तिथं एखादी वस्तू आवडली तर तिच्याकडं बघायचंच नाही, शेजारच्या वस्तूची किंमत विचारायची. एकदा त्या मला माउंट रोडच्या मोठ्या दुकानातही घेऊन गेल्या. काचेची दारं, वर पंखे, बिस्किटांचे डबे, साहेबी टोप्या. कुणी काही बोलत नव्हतं. अक्कांना ते अजिबात पटलं नाही.

"किंमत चिठ्ठीवर लिहून ठेवतात. मग माणसानें बोलायचें काय? मुक्यांचें दुकान आहे हें."

त्यांना घासाघीस म्हणजे बोलणं वाटायचं. आधी मालाला नावं ठेवायची, मग निम्म्याला मागायचं, मग उठायचं. "उठलीस म्हणजे मागें पाहायचें नाहीं. तोच हाक मारतो." मला ते कधी जमलं नाही. दुकानदारानं किंमत सांगितली की मला त्याची भीती वाटायची नाही तर दया यायची, आणि दोन्ही वेळा मी पैसे देऊन मोकळी व्हायची.

मग अक्कांच्या पोटात दुखू लागलं. मोठ्या इस्पितळात त्यांचं पोट उघडलं आणि काही न काढता शिवून टाकलं. मामांनी तसं यांना विहिरीपाशी हळूच सांगितलं. अक्कांना कुणी सांगितलं नव्हतं. सांगायची गरजही नव्हती.

मला तेव्हा दिवस गेल्याचं नुकतंच कळलं होतं. बाळंतपणाला माहेरी जाऊन उपयोग नव्हता, तिथं करणारं कोण? अक्का आहेत, या भरवशावर मी होते. माझा तो भरवसा रोज थोडा थोडा वाळत चाललेला मी समोर बघत होते.

एका दुपारी मी त्यांच्यासाठी कांजी घेऊन गेले. त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. म्हणाल्या, "मला एक कोडी हवें आहे. तूं आणून देतीस?"

मला कळेना. मग त्यांनी समजावून सांगितलं. बाई मेली की तिच्या जन्मघरची माणसं नवं कापड आणून तिच्या अंगावर घालतात, त्याला तमिळमध्ये कोडी म्हणतात. आमच्याकडंही सवाष्ण गेली तर माहेरचं हिरवं लुगडं लागतं. तंजावरच्या घरांत या दोन्ही रीती एक होऊन गेलेल्या. अक्कांचं जन्मघर उरलं नव्हतं. दोन भाऊ, दोघेही गेलेले, घर विकलेलं. त्यांची नणंद दर सणाला हे ऐकवायची. पोंगलला, दिवाळीला, "हिला कोण येतो विचारायास?" असं. अक्का म्हणाल्या, "जिवंतपणीं सोसलें. पण निजल्यावर नणंदेच्या पैशाचें कापड माझ्यावर पडलें तर मला उठतां येणार नाहीं."

"पण मी कुठं तुमच्या माहेरची?"

"तूं देशाची. आमचें सगळ्यांचें माहेर तेंच नव्हे का?"

मी म्हटलं, वेळ येईल तेव्हा बघू. तर त्या चिडल्या. "तेव्हां तूं रडत जाशील. रडणाऱ्या बाईला दुकानदार लुबाडतो. आणि मयताच्या कापडाला घासाघीस करूं नये म्हणतात. घासाघीस केल्यावांचून घेतलेलें लुगडें मी नेसणार नाहीं. आतांच घे. लग्नाचें म्हणून घे."

पैसे मात्र माझे हवेत, नाही तर ते कोडी कसलं, हेही बजावलं.

यांना सांगितलं तर हे ताटावरून उठायलाच निघाले. "जित्या माणसाचं कापड आणायचं? आणि तुझ्या पोटात पोर असताना? त्या बाईचं डोकं फिरलंय, तुझंही फिरलं काय?" मलाही तीच धास्ती. ते लुगडं मी घेतलं आणि त्यामुळंच अक्का गेल्या तर? बाळाला काही झालं तर? पण ज्या बाईनं मला त्या शहरात रस्ता ओलांडायला शिकवला, तिनं आजवर माझ्याकडं दुसरं काही मागितलं नव्हतं. बांगड्यांसाठी साठवलेले पैसे मी पदरात बांधले.

सायकल रिक्षातून आम्ही रुळांपलीकडं टी. नगरला गेलो. प्रत्येक खड्ड्याला अक्का डोळे मिटायच्या. पांडी बाजारात एका लुगड्यांच्या दुकानापुढं झाडाखाली रिक्षा उभी करवली आणि म्हणाल्या, "मी येत नाहीं. माहेरच्या देण्याला आपण निवडायचें नसतें. जा. निम्म्यास माग."

आत पांढऱ्या गाद्या अंथरलेल्या. विक्रेता मांडी घालून बसलेला, जाडसर, कपाळाला भस्म. मी मोडक्या तमिळमध्ये हिरवं, नऊवारी, सुती सांगितलं. त्यानं एकावर एक घड्या उलगडल्या.

"कोणाचं लग्न, अम्मा?"

"अक्काचं."

त्यानं माझ्या गळ्यातल्या काळ्या मण्यांकडं बघितलं. "धाकटीचं आधी आणि थोरलीचं आता? तुमच्या देशात असं चालतं होय?" शेजारचा विक्रेता हसला. मोराच्या रंगाचं, तांबड्या काठांचं एक लुगडं मी पुढं ओढलं. त्यानं किंमत सांगितली. मला निम्म्याचा आकडा पाठ होता, तोंडातून मात्र निघेना. दारातून रिक्षा दिसत होती. अक्का पोटाशी हात दाबून वाकलेल्या. मी पैसे मोजून दिले आणि बाहेर आले.

"केवढ्यास?"

मी सांगितलं.

"ठकवलें! माझ्या माहेरचा पैसा असा नाल्यांत टाकतात? हात दे मला."

मी नको नको म्हणत असताना त्या उतरल्या. दुकानाच्या पायरीवर थांबून त्यांनी श्वास घेतला, मग आत जाऊन गादीवर बसल्या आणि लुगडं विक्रेत्यापुढं ठेवलं. तमिळमध्ये म्हणाल्या, "लेकराला फसवायला लाज नाही वाटत? हा रंग एका धुण्यात जाईल."

"जाणार नाही, पाट्टी." म्हाताऱ्या बाईला तिकडं पाट्टी म्हणतात. "नवरीला विचारा ना, आवडलं तर झालं."

"नवरी मीच."

दुकानातली माणसं हसली. तोही हसला. "या वयात? नवरा कोण मिळाला?"

"मोठ्या घरचा आहे. सगळ्यांनाच नेतो. माझी तारीख तेवढी ठरायची आहे."

त्याचं हसू हळूहळू गेलं. त्यानं अक्कांच्या पिवळ्या डोळ्यांकडं पाहिलं, काड्यांसारख्या मनगटांकडं पाहिलं, मग लुगड्याच्या हिरव्या रंगाकडं. त्यानं गल्ला उघडला आणि मी दिलेल्या पैशांतले बरेच परत पुढं सरकवले.

अक्कांनी ते त्याच्याकडं ढकलले. "असं नको. मी निम्म्याला मागितलंय, तू काही तरी बोल. बोलल्याशिवाय घेऊ का मी?"

त्याची मान खाली.

"बोल की रे. तोंड शिवलंय का तुझं?"

मग त्यानं उपरण्यानं तोंड पुसलं आणि म्हणाला, "निम्म्यात कसं परवडेल, पाट्टी? विणकराला काय देऊ? माझ्या पोरांनी काय खायचं?" आवाज बसलेला, पण म्हणाला. अक्का म्हणाल्या, "तुझं पोट बघून वाटत नाही पोरांना काही मिळत असेल." तो म्हणाला, काठ बघा, पदर बघा. त्या म्हणाल्या, काठ बघितला म्हणूनच निम्म्याला मागतेय. असं चाललं. शेवटी एका आकड्यावर दोघं आले आणि अक्कांनी वर एक खण मागून घेतला. उठताना त्यांना उठवेना. त्यानंच गादीवरून उतरून एका बाजूनं धरलं. गिऱ्हाइकाला तिकडं 'जाऊन या' म्हणतात. तो काही बोलला नाही, रिक्षा हलेपर्यंत पायरीवर उभा राहिला.

वाटेत अक्का एवढंच म्हणाल्या, "आतां चांगलें झालें."

लुगडं माझ्या ट्रंकेत राहिलं. पोट वाढत गेलं तशी मला ट्रंक उघडायचीही भीती वाटायला लागली. माझे कपडे मी बाहेर दोरीवरच ठेवू लागले. हे एकदा म्हणाले, "टाक ते कुणाला तरी देऊन. घरात तू अशी, आणि घरात ते." मी ट्रंक आणखी आत ढकलली. समोर अक्का नुसत्या पाण्यावर आल्या होत्या. तंजावरहून नणंद येऊन राहिली. मी दारात उभी असताना ती मामांना म्हणाली, "कोडी आम्हांसच आणायला हवें. दुसरें कोण आहे तिला?" अक्कांनी अंथरुणातून माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली.

त्या गेल्या त्या दिवशी हे रात्रपाळी करून नुकतेच आले होते. समोरून रडणं ऐकू आलं आणि मी उठले, तर बोळातल्या बायकांनी आमचं दार बाहेरून ओढून घेतलं. पोटुशीनं प्रेत बघायचं नसतं. आठवा लागलेला. मी दार वाजवलं, त्यांना सांगितलं की मला एक वस्तू द्यायची आहे. कुणी ऐकेना. एक जण म्हणाली, "तुझ्या पोराचा विचार कर, बाई." तिचंही चुकत नव्हतं. मला स्वतःलाच बाहेर जायची भीती वाटत होती, आणि आत बसायची लाज.

मी ट्रंक उघडली. लुगडं काढून मांडीवर घेतलं आणि तशीच जमिनीवर बसले. बाहेर नणंद विचारत होती, गुरुजी आले का, कापड कुणी आणलंय. आता तिचं कापड पडणार.

यांनी अंगातला तेलकट शर्ट काढला. हात धुतले, स्वच्छ धोतर नेसले. अक्कांशी हे कधी चार वाक्यं बोलले नसतील.

"दे इकडं," म्हणाले.

दार उघडून बाहेर गेले, पाठीमागं पुन्हा लागलं. मी फळीला कान लावला. गलका थांबला. नणंदेचा आवाज आला, "तुम्ही समोरचे ना? तुम्ही कशास?" यांचं उत्तर मला नीट ऐकू आलं नाही. यांचा आवाज मुळातच खालचा. मग मामा मोठ्यानं रडायला लागले. तोवर त्यांचा आवाज मी कधी वर चढलेला ऐकला नव्हता.

हे स्मशानातही गेले. परतले तेव्हा ऊन उतरलं होतं. विहिरीवर डोक्यावरून पाणी घेतलं आणि ओल्या धोतरानं दारात उभे राहिले.

"घातलं?" मी विचारलं.

"घातलं. सगळ्यांच्या वर."

"काय म्हणालात त्यांना?"

"म्हटलं, देशाहून आलोय. भाऊ लागतो."

अंधारायला लागलं होतं म्हणून मी काडेपेटी घेऊन देव्हाऱ्याकडं वळले.

"राहू दे," हे म्हणाले. "देवाला हात लावू नकोस. तीन दिवसांचं सुतक आहे आपल्याला."