आधी उजवी बाजू

दातांच्या त्या दवाखान्यात तीन डॉक्टर येऊन गेले, ब्रशबाई मात्र एकच. दात आणि हिरड्या साफ करायचं काम तिचं. पोटुशी बाई आली की तिचा एकच हुकूम: घरातला ब्रश आणि चालू असलेल्या गोळ्या पिशवीत घालून आणायच्या. माणूस थापा मारतं, ब्रश मारत नाही, असं ती म्हणे. जीभ तिखट होती, हे कबूल. पण बावीस वर्षांत तिच्या हाताबद्दल कुणी ब्र काढला नव्हता.

एकदा सहाव्या महिन्यातली एक मुलगी जावेबरोबर आली. हिरड्या सुजून लालबुंद. ब्रश कोरा करकरीत. लोहाच्या गोळ्यांची पाकिटं रिकामी, तरी तपासणीत रक्ताचं प्रमाण आणखी उतरलेलं. ब्रशबाईनं पाकीट उजेडात धरलं. रोज हाताळल्याची साधी सुरकुतीही त्यावर नव्हती.

"सगळ्या एकदमच फोडल्यास ना गं? कुठं गेल्या?"

मुलीला रडूच फुटलं. "फेकल्या. गोळ्या सुरू केल्या आणि दातांतून रक्त यायला लागलं. वाढतं तेवढं वाहूनच जातं. मग बाळाला काय उरणार?"

एरवी ब्रशबाईनं चांगली खरडपट्टी काढली असती. पण ही पोर आळशी नव्हती, बाळापायीच चुकत होती.

"अगं, या दिवसांत हिरड्या हळव्या होतात. त्यात तुझ्या दातांवर कीटण साचलंय. रक्त येतं म्हणून तू घासणं सोडलंस, म्हणून आणखी येतंय."

"सगळे हेच सांगतात," मुलगी म्हणाली. तिला पटलं नव्हतं.

साफसफाई दोन खेपांत करायचीच होती. ब्रशबाईला एक युक्ती सुचली. "आज फक्त उजवी बाजू करते. आठ दिवस ब्रश दोन्हीकडे फिरव, गोळी रोज घे, चहाबरोबर नको. गोळीच वाईट असेल तर रक्त दोन्हीकडून येईल. आणि उजवीकडचं थांबलं तर?"

"तर गोळी निर्दोष!" जाऊबाईंनी निकाल देऊन टाकला.

ब्रशबाईनं उजवा दातन् दात तासभर खपून साफ केला. बोलायला बोलून गेली, पण आठव्या दिवशी तिचं निम्मं लक्ष दाराकडे होतं. उजवीकडूनही रक्त आलं, तर ही पोर पुन्हा गोळीला हात लावणार नव्हती.

मुलगी आली. बेसिनपाशी उभी राहून तिनं आधी डावीकडं ब्रश फिरवला. चूळ गुलाबी. मग उजवीकडं. पाणी स्वच्छ. विश्वास बसेना म्हणून तिनं पुन्हा घासलं. पुन्हा स्वच्छ.

"गोळ्या घेतल्यास ना?"

"घेतल्या. रोज गिळताना वाटायचं, बाळाचं रक्त मीच सांडतेय. तरी घेतल्या. तुम्ही म्हणालात म्हणून."

ब्रशबाईच्या मनात आलं, आपण एक युक्ती केली होती. हिनं मात्र त्या युक्तीवर आठ दिवस आपलं बाळ पणाला लावलं होतं. तिनं मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला, "धीराची गं तू," म्हणाली आणि डोळे पुसून डावी बाजू करायला घेतली.