चाळीसच्या खाली

ओरिसिया ह्नातिउकच्या खुर्चीत कधीच बसला नाही असा माणूस आमच्या गावात सापडायचा नाही. कॅनडातल्या सस्कॅचेवानच्या गव्हाच्या सपाट मुलखातलं छोटंसं गाव, केस कापायचं दुकान एकच आणि तरुणपणापासून तिथं दिवसभर उभी असलेली बाईही एकच. नवऱ्या मुलींचे केस तिनंच बांधले आणि शवपेटीत ठेवलेल्या म्हाताऱ्यांचे केसही तिनंच विंचरले. मी तिची शेजारीण, म्हणून पुढचं सगळं जवळून पाहिलं.

साठीजवळ आली तेव्हा तिचा उजवा गुडघा पार झिजला. हाडावर हाड घासायला लागलं. दुकानात ती उंच स्टुलावर बसून कात्री चालवायची आणि घरी जिना चढताना कठड्याला धरून रडायची.

शहरातल्या सर्जननं गुडघ्याचे एक्स-रे पाहिले. "गुडघा बदलायलाच हवा. पण आत्ता नाही. तुमचा बीएमआय त्रेचाळीस आहे. चाळीसच्या खाली आलात की करू."

"म्हणजे काय करू?"

"वजनाला उंचीनं दोनदा भागलं की हा आकडा येतो, किलो आणि मीटरमध्ये. पंचवीसच्या आत चांगला, तिसाच्या वर लठ्ठपणा. चाळीसच्या वर जखम चिघळायची भीती फार. तुम्हाला आठ किलो उतरवावे लागतील. चालायला लागा."

"डॉक्टर, चालता येत असतं तर मी इथं आले असते का?"

तो ओशाळला, पण नियम बदलला नाही. गुडघ्यामुळं चालणं नाही, चालणं नाही म्हणून वजन हटत नाही, वजन हटत नाही म्हणून गुडघा मिळत नाही. ओरिसिया मला म्हणाली, "बाई गं, मला कुणीतरी आत कोंडून किल्लीही आतच टाकलीय. फक्त वाकून ती उचलता येत नाहीये."

तिचा नवरा तारास काडीसारखा. त्यानं फोनवर स्वतःचा आकडा काढला. "तेवीस! बघ, मी एकदम ठणठणीत."

"दोन ताटं चापतोस तरी?"

"आमच्या घराण्याची हाडंच तशी. बरं, रविवारी पिरोग्या करशील ना? तू नको खाऊस हवं तर."

ती कोबीच्या पाण्यावर राहायची आणि त्याच्यासाठी कणीक लाटून, बटाटा भरून, वर लोण्यात परतलेला कांदा घालायची. गिऱ्हाइकं म्हणायची, "बारीक दिसायला लागलीस हं!" हे ऐकून ती दुपारचं खाणंही सोडायची. शेवटी एकीच्या बटा कापता कापता तिच्या डोळ्यांपुढं अंधारी आली आणि ती आडवी झाली.

दवाखान्यातली नर्स मारिबेल तिच्यावर रागावलीच. "उपाशी राहून वजन उतरवतेस? चरबीबरोबर तुझे स्नायूही चाललेत. त्या गुडघ्याला सांभाळणार कोण मग? वेळेवर खा. अर्धं ताट भाजी, बरोबर अंडी, मासे, डाळ. पोळी-बटाटा थोडाच. आणि पाण्यात चाल. पाण्यात गुडघ्यावर भार येत नाही."

कोपऱ्यात उभ्या तारासकडं तिची नजर गेली. बारीक माणसाचं पोट तेवढं पुढं आलेलं. "आलाच आहात तर तुमचंही रक्त देऊन जा."

तारासची साखर बरीच चढलेली निघाली.

"पण माझा आकडा तेवीस आहे!" तो जवळजवळ ओरडलाच.

"आकडा उंची आणि वजन बघतो, काका. चरबी कुठं बसलीय ते त्याला कळत नाही. पोटाचा घेरही मोजावा लागतो."

त्या रविवारी पिरोग्या झाल्या नाहीत. तारास कुरकुरत कोबी चिरायला बसला. ओरिसिया मला कबूल करून गेली, "वाईट वाटायला हवं होतं गं मला. पण पहिल्यांदा वाटलं, आत कोंडलेली मी एकटीच नाहीये."

पाण्यात चालायला पोहण्याच्या तलावावर जायचं मात्र ती टाळत राहिली. "ज्यांचे केस मी कापते त्यांच्यासमोर पोहायच्या कपड्यात जाऊ?" शेवटी मी तिला ओढूनच नेलं. बाहेर हाडं गोठवणारी थंडी आणि आत कोमट पाणी. छातीइतक्या पाण्यात ती दोन पावलं चालली, थांबली, पुन्हा चालली. "दुखत नाहीये," ती म्हणाली. "अगं, खरंच दुखत नाहीये!"

बाहेर निघताना गुडघा शिडीच्या पहिल्याच पायरीवर अडकला. ना वर, ना खाली. मागं बायकांची रांग. कुणी हसलं नाही, पण सगळ्यांनी माना दुसरीकडं वळवल्या आणि तेच तिला जास्त लागलं. अपंगांसाठीची खुर्ची पाण्यात सोडून तिला वर काढलं. कपडे बदलायच्या खोलीत ती तोंडावर टॉवेल धरून कितीतरी वेळ बसली होती. मला वाटलं, ही परत येत नाही. पण दुसऱ्या आठवड्यात तीच माझ्या दारात आली. "चल. आणि ती खुर्ची आधीच काढून ठेवायला सांग त्यांना."

हिवाळाभर ती पाण्यात चालली. आकडा एक्केचाळीसवर आला आणि बरेच दिवस तिथंच अडून बसला. वसंतात सर्जनकडं गेली तेव्हा चाळीसच्या वर थोडाच उरला होता. त्यानं मान हलवली. "अगदी जवळ आलात. अजून थोडं."

गाडीत बसल्यावर ती म्हणाली, "तारास, त्या थोड्यात माझं आयुष्य चाललंय."

त्यानं गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि तिचा हात धरला.

उन्हाळा संपता संपता ती चाळीसच्या खाली उतरली आणि बर्फ पडायच्या आधी उजवा गुडघा बदलून झाला. त्या पायावर ती आता ठामपणे उभी राहते. तेवढ्यात डावा कुरकुरायला लागलाय, म्हणून पाण्यात चालणं, मोजून खाणं, वजनकाट्यावर चढताना श्वास रोखणं, काहीच सुटलेलं नाही. परवा तिच्या खुर्चीत बसले असताना मी विचारलं, "कंटाळा नाही येत?"

"येतो ना," ती आरशातून माझ्याकडं बघत म्हणाली. "मान खाली घाल, मागचे केस राहिलेत."