आणून दाखवा

टेबलावर दोन टिचक्या, चष्म्यावरून एक नजर आणि दोनच शब्द : ‘आणून दाखवा.’ कर्जतजवळच्या आमच्या शाळेत इंग्रजी शिकवणारे ते सर आठवले की मला आधी टिचक्या ऐकू येतात, मग सर दिसतात.

त्यांचं भांडण एकाच शब्दाशी. ब्युटिफुल. गाइडातल्या निबंधांत गाव ब्युटिफुल, नदी ब्युटिफुल, गाय तर दोनदा ब्युटिफुल. सर म्हणायचे, ‘चांगला लेखक वस्तू दाखवतो. ब्युटिफुल हे वाचकानं म्हणायचं असतं.’ म्हणून वर्गाला नियमच होता : हा शब्द वापरलात, तर ती वस्तू वर्गात हजर करायची. एकदा भोपळा आला, एकदा थोरल्या भावाच्या लग्नातला फेटा. नदीवर लिहिणाऱ्यानं ओंजळभर वाळू आणली. त्या साली नदीत तेवढंच होतं.

मी शेजारच्या वर्गात भूगोल शिकवायचो. मध्ये भिंत नाही, नुसता बांबूचा तट्ट्या, त्यामुळे माझ्या पोरांना भूगोलापेक्षा इंग्रजीच जास्त कळायचं. माझं लग्न ठरलं तेव्हा शिक्षकांच्या खोलीत मी ‘मुलगी ब्युटिफुल आहे’ म्हणून गेलो आणि टेबलावर दोन टिचक्या पडल्या. हा किस्सा आमच्या घरी अजून सांगितला जातो. सांगणारा मी नसतो.

बहात्तर साली सरांची नोकरी कायम व्हायची होती. घरात तीन मुली, आणि ही तिसरी शाळा. तपासणीला साहेब येणार म्हणून मी शहाणपणानं सुचवलं, दहा वाक्यं घोटून घ्या. ऐकलं नाही.

साहेबांनी नेमका तोच शब्द फळ्यावर लिहिला आणि वाक्य करायला सांगितलं. पोरांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि नियमाला जागून अख्खा वर्ग दारातून बाहेर पळाला. सर पांढरेफटक. साहेबांनी वही उघडून शेरा लिहायला घेतला. तट्ट्याच्या भोकाशी मी होतो. माझा वर्ग उरलेल्या भोकांशी.

पाच मिनिटांत टेबलावर वांगी, मोरपीस, कुणाच्या तरी सायकलची घंटी. आणि एकानं शेळीचं करडू थेट साहेबांच्या मांडीवर ठेवलं.

‘हे काय आहे?’

‘सर, मदर डेड,’ पोरगा धापा टाकत म्हणाला. इथं त्याचं इंग्रजी संपलं. ‘मी बाटलीनं पाजतो. हाक मारली की लंगडत येतंय, पर येतंय.’

करडानं साहेबांचा अंगठा तोंडात घेतला आणि डोळे मिटून चोखायला लागलं. पेन थांबलं.

‘ब्युटिफुल,’ साहेब स्वतःशीच म्हणाले.

सरांचं बोट टेबलाकडे निघालं होतं. त्यांनी ते मोठ्या कष्टानं मुठीत आवळलं. नोकरी कायम झाली.

सर गेले तेव्हा शोकसभेत बोलायचं माझ्याकडे आलं. भाषणात मी ‘सुंदर व्यक्तिमत्त्व’ चारदा लिहून नेलं होतं. उभा राहिलो, कागद उघडला आणि सवयीनं टेबलाकडे पाहिलं. कुणी टिचक्या मारल्या नाहीत.

कागद घडी करून खिशात घातला आणि म्हणालो, ‘एक करडू होतं.’