खऱ्याखुऱ्या मारामारीत कोण?

“ते जाऊ द्या सर. खऱ्याखुऱ्या मारामारीत कोण?”

असं म्हणून आमचे भाऊसाहेब उजव्या हाताची दोन बोटं माझ्या खांद्यात रुतवायचे आणि उत्तर मिळेपर्यंत काढायचे नाहीत. त्या जागी दाबलं की माणूस लुळा पडतो, असं त्यांनी कुठल्याशा चिनी सिनेमात पाहिलं होतं. मी कधी लुळा पडलो नाही. वैतागलो मात्र रोज.

बोदवडच्या शाळेत मी मराठी शिकवायचो, ते कारकून होते. शाळेतल्या कारकुनाला आपल्याकडे भाऊसाहेब म्हणतात आणि मग त्याचं खरं नाव कुणी उच्चारत नाही. आम्ही दोघंही जळगावला एकाच कॉलनीत राहणारे आणि सकाळच्या पॅसेंजरने अप-डाउन करणारे. म्हणजे सुटकेची वाट कुठूनच नाही. तुमच्याही नशिबी असा एखादा सोबती असेलच. कुणाला क्रिकेटवाला भेटतो, कुणाला राजकारणवाला, कुणाला स्वतःच्या गुडघ्यांबद्दल बोलणारा. माझ्या वाट्याला कराटे आलं.

“जय भीम सर” म्हणून ते समोर बसत आणि भुसावळ यायच्या आत जगभरच्या मारधाडीच्या सिनेमांतले नट एकमेकांच्या अंगावर सोडत. परदेशी नावं लक्षात राहत नसत, म्हणून सगळ्यांची बारशी त्यांनी स्वतःच उरकली होती. एक शेंडीवाला. एक हसरा, म्हणजे मार खातानाही दात काढणारा. एक खांबा, ज्याचा पाय कमरेच्या वर जात नाही पण ज्याच्यासमोर दहा जण आपणहून पडतात. या खांब्यावर त्यांचा फार राग होता.

“पडद्यावर बठ्ठा शेर शेतस सर, सगळेच शेर. मारतो कुठे तो? कॅमेरा मारतो. शॉट तुटला की समजायचं, इथे दुसऱ्यालाच उभं केलंय. शेंडीवाल्याचं बघा, एका दमात सात जण लोळवतो, मधे कट नाही. आता सांगा, या दोघांना एका खोलीत कोंडलं तर बाहेर कोण येईल?”

“मी येईन,” मी म्हणायचो. “वैतागून.”

ते हसायचे आणि पहिल्यापासून सुरू करायचे. एकदा वरणगावच्या दारूगोळ्याच्या कारखान्यातला एक कामगार त्यांच्या तावडीत सापडला. तो खांब्याच्या बाजूचा. दोघांची अशी जुंपली की वरणगाव आलं, गेलं, आणि कामावर निघालेला तो बिचारा आमच्याबरोबर बोदवडच्या फलाटावर उतरला. पुढे कित्येक दिवस तो आमचा डबा टाळून पुढच्या डब्यात चढायचा. मला त्याचा हेवा वाटे.

मोबाइल आला आणि दुखणं वाढलं. कोंबडं आरवायच्या आत त्यांच्या चित्रफिती येऊन पडत. खाली लिहिलेलं असे, “पायाकडे बघा.” मी पाहिलं नाही तर गाडीत तोंडी परीक्षा व्हायची.

आणि स्वतः? स्वतः एवढे भित्रे की विचारू नका. एकदा बसस्टँडवर एका दांडगटाने त्यांना रांगेतून ढकलून दिलं. मी म्हटलं, आज दर्शन होणार. तर भाऊसाहेबांनी चष्मा सावरला आणि त्यालाच म्हणाले, “जा भाऊ, तुम्ही जा पुढे.” मी चिडवायची संधी कशाला सोडतो? त्यांच्याच खांद्यात दोन बोटं रुतवून विचारलं, “खऱ्याखुऱ्या मारामारीत कोण?”

“तठे डोकं फुटस सर,” ते गंभीरपणे म्हणाले.

ते मूळचे भडगावकडच्या खेड्यातले. एरवी माझ्याशी शाळेचं मराठी बोलत, पण मनातलं काही आलं की ते अहिराणीतच यायचं.

दर हिवाळ्यात आमच्या शाळेची भरीत पार्टी व्हायची, सगळ्यांच्या घरच्यांसकट. केळीच्या बागेच्या कडेला तुराट्या पेटवून वांगी भाजायची, लाकडी बडगीत कुटायची आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीबरोबर हाणायची. जळगावच्या माणसाला याहून मोठा सण नाही. त्या वर्षी वांगी कुटायचं काम भाऊसाहेबांकडे होतं. कुटता कुटता त्यांना शेंडीवाला आठवला. हातातलं मुसळ टाकून ते शेंडीवाल्याची उलटी लाथ दाखवायला उठले, ओल्या वाफ्यात घसरले आणि भाजलेल्या वांग्यांच्या परातीत पाठीवर जाऊन पडले.

सगळे पोट धरून हसले. फक्त त्यांची प्रज्ञा हसली नाही. आमच्याच शाळेत नववीला होती, आईसारखी अबोल. तिने बापाला उठवलं, पाठीवरची वांग्याची सालं काढली आणि म्हणाली, “पप्पा, मारायचं राहू द्या. आधी पडायला शिका.” आणि तिथेच, मऊ मातीत, ती सपकन पडून दाखवून उठलीसुद्धा. हनुवटी छातीशी, हात जमिनीवर आपटलेला. आमच्या क्रीडाशिक्षकांकडे ती ज्युदो शिकत होती, हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

भाऊसाहेबांना माहीत होतं, पण वाकण्या-बिकण्याचा काही व्यायाम असेल अशी त्यांची समजूत. आता मात्र त्यांच्या अंगात वारं शिरलं. “सर, खरी मारामारी माझ्या घरात आली! कट नाही, काही नाही!” जिल्ह्याच्या स्पर्धेला त्यांनी मला, हेडमास्तरांना आणि शिपायालासुद्धा ओढत नेलं. घरून वहिनींनी शेवेचा डबा दिला होता. तो उघडून ते पहिल्या रांगेत असे बसले, जसे काही पडदा वर जाणार आहे.

प्रज्ञाची झुंज सुरू झाली. समोरची मुलगी तगडी होती. तिने प्रज्ञाला उचललं आणि दाणकन टाकलं. पूर्ण पाठीवर पडली असती तर तिथेच हरली असती, पण शेवटच्या क्षणी ती वळली आणि कुशीवर पडली. म्हणजे पोरीने डाव वाचवला होता. एवढं तर माझ्यासारख्या अडाण्यालाही क्रीडाशिक्षकांनी समजावलं होतं.

पण त्या आवाजाबरोबर माझ्या शेजारची खुर्ची रिकामी झाली. शेव सांडली. आयुष्यभर नटांना खऱ्याखोट्याचे दाखले देणारा हा गृहस्थ चपलांसकट मॅटवर धावला, “माय वं! पोर मरी गई!” म्हणून प्रज्ञाला मिठी मारून बसला. पंचांनी झुंज थांबवली. बाहेरचा माणूस मॅटवर आला म्हणून समोरच्या मुलीला विजयी केलं.

परतताना प्रज्ञा आमच्यापासून लांबच्या बाकावर बसली. दुसऱ्या दिवसापासून सरावाला जायची बंद झाली. “पप्पा असे येणार असतील तर मला नाही खेळायचं,” एवढंच घरी सांगितलं.

मला वाटलं, चला, हा प्रश्न मिटला. पोरगी पडणार नाही, बापाचा जीव भांड्यात पडेल. पण गाडीत भाऊसाहेब गप्प. शेंडीवाला नाही, खांबा नाही. बाहेरची केळीची शेतं बघत बसायचे. ज्या शांततेसाठी मी इतकी वर्षं तळमळलो, ती मिळाली आणि मला ती खायला उठली. शेवटी मीच विचारलं, “काय हो, हसरा काय म्हणतो?”

“सर,” ते म्हणाले, “तिने खेळ सोडला तर मला बरंच वाटेल. पण माझ्यामुळे सोडला तर मी तिला तोंड कसं दाखवू?”

त्या संध्याकाळी त्यांनी प्रज्ञाला शब्द दिला. हॉलच्या आत पाऊल टाकणार नाही. घरी मात्र माझ्याने बसवणार नाही, बाहेर पायरीवर बसेन. पण आत काय चाललंय हे सांगायला कुणीतरी हवं ना? ते कुणीतरी कोण, हे सांगायला नको. वहिनी म्हणाल्या, मला तर ते बघवतच नाही. माझे रविवार गेले.

तेव्हापासून हेच. हॉलच्या दारात चपलाबुटांचा ढीग आणि त्यात कानात बोटं घालून बसलेले भाऊसाहेब. मी आत बघणार, बाहेर धावणार. ते कानातलं एकच बोट काढणार.

“उठनी का?”

“अहो जिंकली!”

“ते ऱ्हाऊ द्या. उठनी का?”

“उठल्याशिवाय जिंकेल कशी भाऊसाहेब?”

“म्हणजे पडनी व्हती!”

डोकं आपटावंसं वाटायचं. एकदा माझा संयम सुटला. चपलांच्या त्या ढिगात उभा राहून मी ओरडलो, “इतकी वर्षं माझं डोकं खाल्लंत, खरी मारामारी, खरी मारामारी! आता समोर चाललीय तर कानात बोटं घालता? मग कशाला हवी होती खरी?”

त्यांनी दोन्ही बोटं काढली. मला वाटलं, आता खांद्यात रुतवतील. पण ती नुसतीच मांडीवर ठेवली. “सर, तो पडद्यावरला पडना तं माले ठाऊक ऱ्हास, आते कट व्हई नि तो चहा पेवाले जाई. म्हणीसन मजा येस.” मग दाराकडे पाहिलं. “हाई पोर मनी शे. माझी आहे सर.”

मी आत गेलो आणि पुढच्या झुंजीला नेहमीपेक्षा लवकर बाहेर आलो.

बारावीच्या वर्षी प्रज्ञाचं नाव धुळ्याला राज्य स्पर्धेसाठीच्या निवड चाचणीला लागलं. भाऊसाहेबांनी आधीच जाऊन हॉलची पायरी बघून ठेवली होती. सावली कोणत्या बाजूला असते, तेसुद्धा. चाचणीच्या महिनाभर आधी शाळेतून आले, वहिनींकडे पाणी मागितलं आणि ते प्यायच्या आधीच गेले. छातीत दुखतंय असं सकाळी गाडीत म्हणाले होते म्हणे, पण ते शेजारच्याला. मी त्या दिवशी रजेवर होतो.

प्रज्ञा रडली नाही. सगळ्या कॉलनीला तिची काळजी लागली. वहिनींनी मला विचारलं, “जाऊ देऊ का धुळ्याला?” मी म्हटलं, जाऊ द्या. आणि सवयीने मीही बसमध्ये चढलो.

शेवटची झुंज. जिंकली तर निवड, नाहीतर घर. प्रज्ञा चांगली खेळत होती आणि अचानक पाय निसटला. समोरचीने तिला खांद्यावरून टाकलं. कुशीवर पडली, पण या वेळी लगेच हलली नाही. आणि माझे पाय, त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, दाराकडे चालू लागले. दारातून मागे वळून पाहिलं. ती एक हात टेकून माझ्याकडे बघत होती. मग उठली.

मी बाहेर आलो. सावलीच्या बाजूला पायरी होती, चपला होत्या. ज्यांना सांगायचं ते नव्हते.

“उठनी हो,” मी पायरीला म्हणालो. “उठनी. आता तरी गप्प बसा.”

आत टाळ्या झाल्या, पण माझं लक्ष नव्हतं. बऱ्याच वेळाने प्रज्ञा बाहेर आली. अंगावर तो पांढरा जाड कोट, गालावर मॅटचे वळ.

“पाठ कशी आहे? खांद्याला लागलं का?”

“सर! जिंकले मी. निवड झाली.”

“ते राहू दे गं. नीट उठता आलं ना?”

तिने माझ्याकडे वैतागून पाहिलं. अगदी मी त्यांच्याकडे पाहायचो तसं. मग तिचं तोंड वाकडं झालं आणि महिनाभर न रडलेली ती पोर त्या पायरीवर बसून मोठ्याने रडायला लागली. मी चपला बाजूला सारल्या आणि तिच्याशेजारी बसलो.