न निवडलेली बादली

डेन्झिल हार्बर्टने बादली कामाच्या बाकावर उपडी केली आणि तिच्या आवाजानेच त्याचे डोके फिरले. शिसे पडते तेव्हा बद्द वाजते. ही बादली खणखणली. दुकानातून उचलताना वर दिसलेला थर अस्सल शिशाचा होता. आता तळ वर आला होता आणि त्यात जस्त आणि लोखंडाखेरीज काही नव्हते.

बादलीत होती ती मोटारीच्या चाकाचा तोल साधावा म्हणून त्याच्या कडेला ठोकतात तसली वजने, टायर बदलताना निघालेली. वेस्ट व्हर्जिनियाच्या त्या डोंगराळ भागात घरी शिसे वितळवून बंदुकीच्या गोळ्या ओतणाऱ्या प्रत्येकाचे एक टायरचे दुकान ठरलेले असे आणि दुसऱ्याच्या दुकानावर कोणी नजर ठेवत नसे. डेन्झिलचे दुकान ओकी टेनंटचे. तिथला रिवाज दोघे तरुण होते तेव्हापासूनचा: बादली जशी साचेल तशी उचलायची. दुकानात उभे राहून ती चिवडणे म्हणजे मालकाला तोंडावर लबाड म्हणणे. बदल्यात हरणांच्या शिकारीचा हंगाम सुरू होण्याआधी डेन्झिल कॉफीच्या डब्यांतून ओकीच्या रायफलच्या मापाच्या गोळ्या पोचवी. पैशांचा विषय कधी निघाला नव्हता.

म्हणूनच हा वार जिव्हारी लागला. कोणीतरी चांगला माल काढून विकला होता आणि उरलेल्या भंगारावर मूठभर शिसे पसरून ठेवले होते. पेटीत वर लालबुंद सफरचंदे मांडावीत आणि खाली डागी भरावीत, तसे. हा कोणीतरी ओकीवाचून दुसरा असणे शक्य नव्हते.

डेन्झिलने हयात प्लंबिंगमध्ये घालवली होती. जुन्या बिडाच्या नळांचे सांधे मऊ शिशाने भरलेले असत. पाडायला काढलेल्या इमारतींतून ते त्याने छिन्नीने काढून जपले होते. नखाने ओरखडा उठतो की नाही, एवढ्यावर तो शिशाची प्रत सांगे. माणसांची प्रत ठरवतानाही तो असाच नख लावून पाही, आणि बहुतेक माणसे त्या परीक्षेत नापास होत. हद्दीच्या कुंपणावरून भावाशी बोलणे तुटले. चर्चची शेगडी परस्पर बदलली म्हणून चर्च सुटले. प्लंबरांच्या संघटनेतल्या सोबत्यांशी कशावरून बिनसले, हे आता त्यालाही नीट आठवत नव्हते. उरला होता एकटा ओकी.

बायको ग्लेना बीन्सची कढई उतरवून दाराशी आली. तिने सुचवले की आधी फोन करून विचारावे. त्याने विचारण्यासारखे काय उरले आहे असे सुनावले. तेव्हा ती म्हणाली, "मग भांड. पण जेवून भांड. उपाशी माणसाला नीट शिव्यासुद्धा देता येत नाहीत."

तो जेवला नाही. परसातल्या छपराखाली त्याने शेगडी पेटवली. एरवी तो एकेक वजन पकडीत धरून दाबून पाही: पकड रुतली तर शिसे, घसरली तर जस्त. आज हातांना तेवढा धीर नव्हता. नजरेला शिशासारखे दिसले ते त्याने भांड्यात फेकले आणि माल फारच थोडा भरला म्हणून जुन्या शाळेच्या नळांतले मऊ शिसे, जे त्याने खास राखून ठेवले होते, तेही त्यात घातले. मग ज्योत मोठी केली. आच बेताची असती तर चुकून आलेले जस्त न वितळता वर तरंगले असते आणि झाऱ्याने काढता आले असते. हे त्याला झोपेतही सांगता आले असते. ज्योत मात्र तो वाढवतच गेला, जणू खाली ओकीच बसला होता.

भांड्यातल्या चकाकत्या रसाची हळूहळू लापशी झाली. साच्यात ओतल्यावर कडा भरेनात. गोळ्या सुरकुतलेल्या निघाल्या. जस्त मिसळून शाळेचे शिसे वाया गेले. त्याने शेगडी विझवली, उरलेले भंगार बादलीत भरले आणि ट्रक काढला.

ओकीच्या दुकानात दोन गिऱ्हाइके कॉफी पीत बसली होती. डेन्झिलने सरळ बादली फरशीवर ओतली.

ओकीने खाली पाहिले. "आधी उचल ते. कोणाच्या टायरात घुसलं तर मला फुकट पंक्चर काढावं लागेल."

"कधीपासून विकतोयस माझं शिसं?"

ओकीने हात पुसले. "शिसं येतच नाही रे आता. नव्या गाड्यांना हेच असतं. जुन्या ट्रकची दोन-चार निघतात, ती बाजूला टाकून ठेवतो. तीच वर घातली होती."

"वर कशाला?"

"रिकामी बादली असती, तर तू आला असतास?"

डेन्झिलला वाटले होते की तो चोर पकडायला आला आहे. चोर परवडला असता. चोराला दोन शिव्या हासडून परत जाता येते. इथे मात्र एका म्हाताऱ्याची समजूत काढली गेली होती, रडक्या पोराच्या हातात खुळखुळा द्यावा तशी, आणि तो म्हातारा आपण आहोत हे त्याला गिऱ्हाइकांसमोर कळले होते.

"मला सांगायला तोंड नव्हतं तुला? शाळेचं शिसं नासलं माझं. त्यात जस्त गेलं."

"न निवडता ओतलंस?" ओकीने मान वर केली. "तू?"

डेन्झिल खाली बसला, गुडघे कुरकुरले, आणि खिशातून पकड काढून त्याने पहिले वजन दाबून पाहिले. घसरली. ते त्याने डावीकडे टाकले. दुसरे उचलले. गिऱ्हाइकांपैकी एकाने कप खाली ठेवला. त्यालाही रिवाज ठाऊक होता.

ओकीचा चेहरा घट्ट झाला. "माझ्या दुकानात निवडतोयस."

"तुझ्याच दुकानात. तुझ्यासमोर. आणि यापुढे इथेच निवडणार."

ओकीने पायाने एक ठोकळा त्याच्याकडे ढकलला, जरा जास्तच जोराने. डेन्झिल त्यावर बसला नाही. मग ओकीच त्यावर बसला आणि भिंतीवरची दुसरी पकड काढून ढिगाच्या पलीकडच्या बाजूने सुरुवात केली. दोघेही एकमेकांकडे पाहत नव्हते. कॉफीच्या रिकाम्या डब्यात अधूनमधून एखादे शिसे बद्दकन पडे. बाकी सारी फरशी खणखणत होती. ढीग संपला तेव्हा डब्याचा तळ जेमतेम झाकला होता. एवढ्यात ओकीच्या हंगामापुरत्याही गोळ्या होणार नव्हत्या.

डेन्झिलने डबा काखेत घातला. राग उतरला नव्हता. तो उतरावा अशी त्याची इच्छाही नव्हती.

"पुढच्या शुक्रवारी येतो," तो दारातून म्हणाला. "आणि वर काही मांडून ठेवू नकोस."